हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, किब्बरसारख्या उंचावरच्या गावात लोक हिवाळा कसा काढतात?

थंडीपेक्षा पाण्याचा जाच मोठा. नळ गोठतात, मग बर्फ वितळवा नाहीतर झऱ्यावरून वाहून आणा. म्हणून संडासही कोरडे: वरून माती-राख टाकत राहायचं, खाली साठलेलं खत पुढे शेतात जातं. नाक मुरडू नका, व्यवस्था चोख आहे.

किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ काही लवकर शिजत नाही. पीक वर्षातून एकच: जव, आणि हाती पैसा यावा म्हणून हिरवा वाटाणा. जळणाला झाडं नाहीत. वाळलेल्या शेण्या आणि काटेरी झुडपं धाब्याच्या छतावर रचून ठेवतात.

मनालीकडून येणाऱ्या रस्त्यावरची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंदच. शेजारच्या किन्नौर जिल्ह्याकडून रस्ता असतो, पण दरड कोसळली की तोही अडतो.