घरात एकीला गहू वर्ज्य, बाकीचे पोळीवर अडलेले

लेस्टरहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे की, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचे नुकतेच निश्चित झाले असून गहू, जव आणि राय ही धान्ये तिला आता आयुष्यभर वर्ज्य आहेत. यजमानांना पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, सहा वर्षांचा मुलगा पास्ता आणि चीज टोस्ट यांपलीकडे काही तोंडात घालत नाही, आणि पुढच्या महिन्यात सासूबाई राहायला येत आहेत. मुलीला एकटे वाटू नये म्हणून सोमवारपासून सगळ्या घरानेच गहू सोडावा का, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

सोमवारपासून नको. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळण्याची शक्यता अधिक असल्यामुळे आपण उभयतांनी आणि धाकट्या मुलाने रक्ततपासणीबाबत आपल्या जीपीशी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांशी, आधी बोलावे. ही तपासणी ग्लुटेनमुळे, म्हणजे गहू, जव आणि राय यांतल्या प्रथिनामुळे, शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये शोधते, आणि गहू आधीच बंद केला तर आजार असूनही ती सापडतीलच असे नाही. म्हणून तपासणीपूर्वी किमान 6 आठवडे दिवसातून एकाहून अधिक वेळा गव्हाचे पदार्थ खाल्लेले असावे लागतात. तोपर्यंत गहू घरात राहणार हे गृहीत धरूनच स्वयंपाकघर लावावे.

पदार्थांपेक्षा मला खरी काळजी भांड्यांची वाटते. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या चिरांत कणीक बसते आणि ती धुऊन पूर्णपणे निघत नाही. म्हणून मुलीसाठी पोळपाट, चाळणी, तवा आणि टोस्टर वेगळे हवेत. स्टीलची भांडी नीट घासली की पुरतात. तुपाचा आणि मिठाचा डबाही वेगळा ठेवावा, कारण पोळी लाटता लाटता पिठाचा हात आपण सहज मिठात घालतो. कोरडे पीठ हवेत उडून ओट्यावर बसते, तेव्हा मुलीचा स्वयंपाक आधी करून, झाकून, मगच कणीक काढावी. रोजच्याऐवजी रविवारी पोळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर हा व्याप आठवड्यातून एकदाच होईल. यजमानांना ताज्या पोळीची सवय असली तरी आठवड्यातले सहा दिवस एवढी तडजोड त्यांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सासूबाईंना ग्लुटेन समजावत बसू नये. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत आमटीचा चमचा बुडाला तर काय होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. नातीला गव्हाचा रोजचाच उपास आहे आणि तो कणभरानेही मोडतो, एवढे सांगितले की पुरे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा ही त्यांच्या हातची सगळी सामग्री मुळात गव्हाविना आहे, त्यामुळे त्यांचा मुक्काम आपल्याला अडचणीपेक्षा आधारच ठरेल.

खाण्याच्या बाबतीत चोखंदळ माणसांपुढे नवे ताट मांडण्यापेक्षा जुन्याच ताटातले जे चालते ते वाढवावे. वरण-भात, कांदेपोहे, घावन, आंबोळी, तांदळाच्या रव्याचा उपमा हे सगळ्यांनी मिळून खाल्ले तर मुलीचे वेगळेपण दिवसातून एखाद्याच वेळी जाणवेल. मात्र फोडणीतला हिंग तपासावा. बाजारी हिंगपुडीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि चिमूटभर हिंगाने अख्खे वरण तिच्यासाठी बाद होते. भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, बहुतेक कॉर्नफ्लेक्समध्ये आणि दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. ब्रिटनमध्ये वेष्टनावरील घटकांच्या यादीत गहू, जव, राय आणि ओट्स ही नावे ठळक छापणे बंधनकारक आहे. तिथे ग्लुटेन हा शब्द शोधू नये, धान्याचे नाव वाचावे. ज्वारीचे, बाजरीचे पीठ सुटे घेऊ नये, कारण एकाच गिरणीवर गहूही दळला जातो. ग्लुटेनमुक्त असे लिहिलेलेच घ्यावे. तसे लिहिण्यासाठी किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही.

भाकरी तुटते, म्हणून मुलगी नाक मुरडते, असे आपण लिहिता. इथे मिळणारे पीठ बहुधा दळून काही महिने झालेले असते, त्याची विरी गेलेली असते आणि थापताना कडा चिरतात. त्यासाठी उकड काढावी: जेवढे पीठ तेवढेच पाणी मीठ घालून उकळावे, गॅस बंद करून पीठ घालून ढवळावे, दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच तळहाताने भरपूर मळावे. अशा पिठाची भाकरी लाटताही येते आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. गव्हाच्या पोळीची नक्कल करणारी महागडी तयार पिठे मात्र पहिले दोन-तीन महिने आणूच नयेत. पोळी म्हणून वाढले की तिची पोळीशी तुलना होते आणि ती नापास होते. भाकरीकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही.

मुलाचा पास्ता तपासणीनंतर मका-तांदळाचा आणावा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी उतरवावा आणि सॉस घालून गरमच वाढावा, कारण गार झाला की तो कडक होतो आणि मग मुलाच्या लक्षात येते. त्याची तपासणी होईपर्यंत त्याचा टोस्ट त्याला खाऊ द्यावा, फक्त त्याच्या टोस्टरमधला.