परत आलेल्या लॅपटॉपवरचा पोचा

‘ताई, मी 27 वर्षांची, फोंड्याला राहते. घरूनच तीन-चार दुकानांचे हिशेब सांभाळते. स्वतःच्या कमाईतून घेतलेला ॲल्युमिनियमचा लॅपटॉप म्हापशाच्या मावसभावाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तीन आठवडे दिला होता. परत आला तो मावशीने दिलेल्या फणसाच्या पापडांच्या डब्यासह. उघडायला गेले तर झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला पोचा आणि वर बोटभर लांब चरा. भाऊ एक शब्द बोलला नाही. आई म्हणते, चालतोय ना, मग एवढ्याशासाठी आम्हा बहिणींत वितुष्ट आणू नकोस. गणेश चवथीत आजोळी सगळे जमणार आहोत. पैसे मागू की गप्प बसू? मी कद्रू आहे का?’
— नाव छापू नका, फोंडा

बाय, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तू कद्रू नाहीस. ज्या वस्तूवर तुझं पोट चालतं, ती तू तीन आठवडे विश्वासाने दिलीस. कद्रू माणूस देतच नाही.

आपल्याकडे लग्नकार्याला शेजारघरची तांब्यापितळेची भांडी आणत. अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्यावर नावं घातलेली असत. परत देताना भांडं चिंचेने लख्ख घासायचं आणि रिकामं द्यायचं नाही, आत काहीतरी घालूनच द्यायचं. पोचा आला असेल तर त्यावर बोट ठेवून सांगायचं, ‘वहिनी, इथे आमच्याकडून पोचा आलाय.’ मग तो तांबटाकडून काढून घ्यायचा की तसाच ठेवायचा, हे दोघी मिळून ठरवत. मावशीने डबा पाठवून यातली अर्धी रीत पाळली. उरलेली अर्धी तुझ्या भावाने पाळायची होती. तुला सलतंय ते हेच, आणि म्हणून ‘चालतोय ना’ या आईच्या उत्तराने तुझं समाधान होत नाही.

तरी बोलण्याआधी एक काम कर. नुकसान खरोखर वरवरचंच आहे का, ते बघ. कोपऱ्याला बसलेला मार बिजागरापर्यंत पोचलेला असू शकतो. झाकण हळू उघड. करकर होते का, एका बाजूला अडतं का, बंद केल्यावर फट राहते का? पडदा पूर्ण पांढरा करून कडेला काळपट डाग किंवा रेघा दिसतात का, ते पाहा. चार्जरची पिन सैल बसत नाही ना? लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतो का, तेही बघ. तळ फुगलेला वाटला किंवा टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग तो चार्जिंगला लावू नकोस, थेट दुरुस्तीला ने. फट राहत असेल तर पावसाळ्यात दिरंगाई नको, आपल्या दमट हवेत ओल आत जायला वेळ लागत नाही. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेव. हिशेबांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेव आणि सगळे पासवर्ड बदल. भावावर संशय म्हणून नव्हे, त्यात लोकांचे हिशेब आहेत म्हणून.

हे सगळं ठीक निघालं तर त्या चऱ्याला हात लावू नकोस. ॲल्युमिनियमच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा वरून मारलेला रंग नसतो. विजेच्या प्रक्रियेने धातूच्या पृष्ठभागाचाच कडक थर बनवतात आणि रंग त्या थरात मुरवलेला असतो. तो थर खरवडला गेला की भरून येत नाही. टूथपेस्ट किंवा पॉलिशने घासलंस तर चरा तसाच राहील आणि भोवती चकचकीत चट्टा पडेल. पोचाही तांबटासारखा ठोकून काढता येत नाही, कारण झाकणाच्या आत लगेच पडदा आहे. राहतात दोन वाटा. झाकण बदलणं, ज्यात पुष्कळ मॉडेलमध्ये पडद्यासकट सगळा भागच बदलावा लागतो आणि खर्च बराच येतो. किंवा वरून स्किन, म्हणजे झाकणाच्या मापाचा पातळ स्टिकर, चिकटवणं. मी तुझ्या जागी असते तर स्किन लावली असती. निर्णय तुझा, पण खर्चाचा अंदाज लिहून घे. नेहमीच्या वॉरंटीत पडझड बसत नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असशील तर त्याच्या अटी वाच, नुसत्या ओरखड्यांना तेही बहुधा वगळतात.

आता पैसे. आपल्याकडे घर-वारशाला गोव्याचा वेगळा कायदा लागतो, पण अशा देण्याघेण्याला देशभराचाच 1872 चा करार कायदा आहे. त्याचं कलम 151 सांगतं की दुसऱ्याची वस्तू घेणाऱ्याने ती साधारण शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जपेल तितकी जपावी. पुढचं कलम म्हणतं, तेवढी जपूनही नुकसान झालं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भरपाई त्याच्यावर नाही. हे भावाला ऐकवायला सांगत नाही. तुझ्या मनात निवाडा करताना माप हाताशी असावं म्हणून सांगते. कदंब बसच्या गर्दीत जपून धरलेली बॅग कुणाच्या धक्क्याने आपटली असेल तर एक गोष्ट, उघडा लॅपटॉप पलंगावर टाकून मित्रांबरोबर खेळत बसला असेल तर दुसरी. म्हणून ‘किती देशील?’ च्या आधी ‘कसं झालं?’ विचारायचं.

विचारायचं ते भावालाच. मावशीला नाही, आईमार्फत नाही, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. आणि चवथीआधी. गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली सगळे बसलेले असताना हा विषय निघाला तर तो पोरगा दहाजणांसमोर खोटं बोलेल आणि मग त्याला ते खोटं धरूनच बसावं लागेल. फोन कर. ‘लॅपटॉप चालतोय. पण उजव्या कोपऱ्याला पोचा आहे, दिला तेव्हा नव्हता. कसा आला रे?’ एवढं बोल आणि थांब. ती शांतता तू भरू नकोस. ‘आधीपासूनच होता’ म्हणाला तर वाद घालू नकोस, ‘नव्हता, मी रोज पुसते’ इतकंच सांग. तो शिकतोय, झाकणाचा सगळा खर्च त्याच्याकडून निघणार नाही. स्किनचे पैसे मात्र माग, माझ्या मते ते रास्त आहे. काहीच घ्यायचं नसेल तर ते फोन लावण्याआधी ठरव आणि नंतर कधी मनात आणू नकोस.

मी एकदा गप्प बसले होते. शेजारीण भजनासाठी माझी पेटी घेऊन गेली आणि परत आली तेव्हा कडेचा टवका उडालेला. मी हसून ‘असू दे’ म्हटलं, कारण ती काही बोललीच नव्हती. पुढच्या वेळी पेटी मागितली तेव्हा ‘भाता बिघडलाय’ म्हणून खोटं सांगितलं. मग तिच्याकडे जाणंच कमी झालं. टवक्याची गोष्ट तिला आजही माहीत नाही. तिला मी बोलायची संधीच दिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला सांग, मावशीशी काही बोलणार नाही, भांडणार नाही. तिची भीती खोटी नाही, चवथीत बहिणींनी तोंडं फिरवून बसलेलं तिला बघवणार नाही.

फोन झाला की पापडांचा डबा घासून ठेव. आजोळी जाताना तो बरोबर ने, आणि रिकामा नेऊ नकोस.