सुई उडते, वूफर डुलतो : टर्नटेबलविषयी वाचकांचे प्रश्न

पुण्यात जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर राहतो. जमीन लाकडी तक्तपोशीची. कोणी खोलीतून चाललं की सुई उडते. सुईवरचं वजन दोन ग्रॅमचं अडीच केलं, तरी तेच. टर्नटेबलखाली रबरी पाय घेऊ का?

घेऊ नका. आणि वजन आजच पूर्ववत करा. कंपनीच्या मर्यादेबाहेरच्या वजनाने सुई आणि तबकडी दोन्ही झिजतात, उडी काही थांबत नाही. दोष सुईत नाही, तुळयांत आहे. माणूस चालला की तक्तपोशी सेकंदाला काही वेळा खालीवर होते आणि टेबल तिच्याबरोबर डुलतं. रबर काय किंवा स्प्रिंग काय, स्वतःच्या डोलण्याच्या साधारण दीडपट वेगाच्या पुढचाच कंप अडवते. त्याखालचा जसाच्या तसा वर पाठवते, आणि वेग नेमका जुळला तर वाढवतेसुद्धा. सिमेंटच्या स्लॅबवर रस्त्याच्या बारीक थरथरीसाठी रबर चांगलं, तुमच्याकडे नाही.

टर्नटेबल जमिनीवरून उचलून भिंतीवर न्या. दोन जाड लोखंडी ब्रॅकेट, भार पेलणाऱ्या भिंतीतच. मधल्या पातळ भिंतीत नको. मातीची भिंत असेल तर आधी गवंड्याला दाखवा. वर कडप्पा टाका, पण त्याआधी त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐका. चांगला टणक वाजतो, आणि तोच नाद सुईलाही ऐकू जातो. म्हणून ब्रॅकेट आणि कडप्पा यांच्यामध्ये जाड नमद्याच्या पट्ट्या द्या. स्पिरिट लेव्हल कडप्प्यावर नाही, तबकडी फिरते त्या थाळीवर ठेवून बघा. स्पीकर त्याच फळीवर कधीही नकोत.

मग एक परीक्षा. मोटर बंद, थांबलेल्या तबकडीवर सुई, आवाज हळूहळू वाढवा आणि फळीवर हलकेच ठोका. स्पीकरमधून येणारा ‘धप्’ म्हणजे अजून झिरपणारा कंप. घूं असा आवाज चढायला लागला तर लगेच कमी करा. फळीत प्रत्येक बदल केल्यावर हीच परीक्षा घ्या, कान फसणार नाहीत.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलवर ऑर्टोफोन २एम रेड हे कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) लावलं आहे. दिसायला छान म्हणून ११ ग्रॅमचं लाकडी हेडशेल (कार्ट्रिज बसतं तो दांड्याच्या टोकाचा तुकडा) घेतलं. आता गाणं नसतानाही वूफर, म्हणजे स्पीकरमधला खर्जाचा पडदा, आत-बाहेर हलतो.

हा जोडीचा प्रश्न आहे, आणि कागदावर सुटतो. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आणि कार्ट्रिज मिळून एक झोका होतो. आर्मचं परिणामी वजन (सुईच्या टोकाला जाणवणारं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने (सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं, आणि ते ८ ते १२ मध्ये हवं. त्याखाली वाकड्या तबकडीचे हेलकावे असतात, २० च्या वर संगीत.

तुमचा आर्म मूळच्या साडेसात ग्रॅमच्या हेडशेलसह १२ ग्रॅम, २एम रेड ७.२, स्क्रू सुमारे १ : एकूण २०.२. कम्प्लायन्स २०. उत्तर ७.९ हर्ट्झ, म्हणजे काठावर. नव्या हेडशेलने साडेतीन ग्रॅम वाढवले की ७.३. झोका थेट हेलकाव्यांच्या वाटेत आला. मूळ हेडशेल परत लावा, फोनो स्टेजमध्ये (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारा खालचा कंप गाळणारी सोय, असेल तर सुरू करा.

तेच जड हेडशेल डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ कार्ट्रिजला मानवतं. मात्र त्याच्या कागदावरचा ५ हा कम्प्लायन्सचा आकडा १०० हर्ट्झला मोजलेला आहे. हिशेबाला १० हर्ट्झच्या आसपासचा लागतो, म्हणून जपानी कंपन्यांचा असा आकडा दीडपट ते दुप्पट करा, नाहीतर चांगली जोडी उगाच नाकाराल.

ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज नवीन घेतलं. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात.

कार्ट्रिज सरळ बसलं आहे आणि सुई स्वच्छ आहे हे बघितलं असेल, तर टर्नटेबलपासून फोनो स्टेजपर्यंतची वायर बघा. या कार्ट्रिजला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) हवी. दीड मीटर वायरचेच १५० होऊ शकतात, त्यात आर्ममधल्या तारा आणि फोनो स्टेजचे शंभर-दोनशे. बेरीज मर्यादेबाहेर गेली की वरच्या पट्टीत उंचवटा येतो. वायर आखूड करा, फोनो स्टेजवर धारितेचा स्विच असेल तर सगळ्यात कमी ठेवा. महागडी वायर म्हणजे कमी धारिता असं नसतं, आकडा विचारून घ्या.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या एलपीच्याच सुईवर वाजवू का?

नको. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ च्या खाचेला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई तळाशी कचऱ्यात घासते आणि ऐकू येते ती खरखर. वरच्या वाचकासारखं व्हीएम९५ तुमच्याकडे असेल तर त्याच देहावर ७८ ची सुई बसते. सुई बदलल्यावर तिच्या कागदावरचं वजन नव्याने लावा. आणि या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.