होल्मियम लेसरनंतरचे पहिले सहा आठवडे

वाढलेल्या प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) आपली होल्मियम लेसरने शस्त्रक्रिया ठरली आहे हे वाचले. मी त्याच वाटेने गेलो आहे, म्हणून सुरुवातीला उपयोगी पडेल तेवढेच लिहितो.

या शस्त्रक्रियेत प्रोस्टेटचा वाढलेला आतील भाग मूत्रमार्गातूनच सोलून काढतात, त्यामुळे पोटावर टाका नसतो. आणि नेमकी हीच गोष्ट माणसाला फसवते, कारण बाहेर काही दिसत नसले तरी आतली जखम भरायला कित्येक आठवडे लागतात. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी, बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. त्यानंतर जळजळ, लघवीची घाई आणि खोकताना थेंब गळणे हे काही आठवडे, कधी काही महिनेही चालते. मी तेव्हा उगाच खचलो होतो. पॅड वापरण्यात कमीपणा मानू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मात्र आधीच शिकून घ्यावेत.

नेहमीच्या चुका अशा :

- दहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून गॅसचा सिलिंडर उचलणे.
- वारंवार जावे लागते म्हणून पाणी कमी पिणे.
- बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करणे. कुंथल्याने पुन्हा रक्त येऊ शकते.
- रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवणे किंवा सुरू करणे.

लघवी अधूनमधून गुलाबी होणे अपेक्षितच आहे. परंतु रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

संकोचामुळे राहून जाणारा एक प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा : यानंतर वीर्य बहुतेकदा बाहेर न येता मूत्राशयात जाते, आणि हा बदल सहसा कायमचा असतो.