प्रायश्चित्त ‘मिळत’ नाही

‘प्रायश्चित्त म्हणजे देवाने केलेली शिक्षाच ना, आणि मग बायबलातील योम किप्पुर या ज्यूंच्या सणाला प्रायश्चित्ताचा दिवस का म्हणतात?’ असे एका वाचकाने विचारले आहे. ‘लाचखोराला चांगलेच प्रायश्चित्त मिळाले’ अशी वाक्ये येता-जाता कानांवर आदळत असल्यामुळे या घोळाचा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. मिळते ती शिक्षा. प्रायश्चित्त घ्यावे लागते. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार, व्यवहार (म्हणजे न्यायनिवाडा) आणि प्रायश्चित्त असे ३ अध्याय असून चोराला राजाने करावयाचा दंड व्यवहाराध्यायात येतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

खरी गंमत हिब्रू शब्दात आहे. ‘किप्पुर’शी सगोत्र असलेल्या ‘किप्पेर’ (प्रायश्चित्त करणे) या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘झाकणे’ असा कित्येक टीकाकारांनी दिला आणि पुढच्यांनी तो डोळे मिटून उचलला. त्यांची भिस्त अरबीतील धातूवर आणि नोहाच्या तारवावर आहे, कारण तारवाला आतून-बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा होते तेथे हीच क-प-र ही व्यंजने येतात. या डांबराने माझे समाधान होत नाही. हिब्रूच्या कुळातल्याच प्राचीन अक्कादी भाषेतील ‘कुप्पुरु’ म्हणजे पुसणे, पुसून शुद्ध करणे, आणि माझ्या मते किप्पेरचे नाते तिथलेच आहे. बायबलाच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात भावाला फसवून पळालेला याकोब परतताना एसावाकडे २०० शेळ्या, २० बोकड आणि आणखी बरीच जनावरे पुढे पाठवतो व म्हणतो की, या भेटीने मी त्याचे तोंड ‘किप्पेर’ करीन आणि मग त्याचे तोंड पाहीन. जे तोंड पाहायचे आहे तेच झाकून ठेवणारा याकोब या विद्वानांना कुठे भेटला कोण जाणे! त्याला त्या तोंडावरचा राग पुसायचा आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात (१८:२३) तर शत्रूंच्या अधर्माला ‘किप्पेर’ करू नकोस आणि त्यांचे पाप पुसू नकोस, अशी विनवणी जोडीनेच येते.

शिवाय झाकलेले पाप खाली तसेच उरते, आणि न्यायी देवाने त्याकडे काणाडोळा केला असे मानावे लागते. लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात योम किप्पुरचा विधी आहे; त्यात मुख्य याजक जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांचे सगळे अपराध आधी मोठ्याने कबूल करतो, आणि मगच तो बकरा रानात सोडला जातो. यात झाकपाक कोठेच नाही. झाकण्याचाच ज्यांना सोस आहे, त्यांनी कोकणातील बेने इस्रायल ज्यूंनी या दिवसाला दिलेले ‘दरफाळणीचा सण’ हे नाव घ्यावे. त्यात दारे बंद करण्याची गोष्ट आहे खरी, पण ती घरांची दारे.