टाळू भरली म्हणजे काय झालं?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका अंगणवाडी मुख्यसेविकाताईंनी विचारलंय: मुलांच्या मेंदूच्या विकासावर पालकांसाठी पत्रक करतेय, त्यात 'टाळू' लिहू की 'ब्रह्मरंध्र'? त्यांना कुणा जाणकाराने सांगितलं की टाळू म्हणजे तोंडातला तालु, डोक्याला तो शब्द लावणं हा अडाणीपणा.

ताई, बिनधास्त 'टाळू' लिहा. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत बाळंतिणीला तोच कळतो. टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, फुगली तर लगेच डॉक्टर गाठायचा, हे तिला पटकन समजायला हवं. ब्रह्मरंध्र हा योग्यांचा शब्द, प्राण जाण्याच्या वाटेचा. बाळाच्या पत्रकात तो नकोच.

आता ते जाणकार. 'मड्याच्या टाळूवरचं लोणी खाणं' यातली टाळू म्हणजे माथाच, एवढं तरी त्यांनी पाहायला हवं होतं. संस्कृत तालु तोंडातला, हे मान्य. पण तो वर चढला कसा, त्यातच सगळी गंमत आहे. मूर्धा म्हणजे डोकं. तरी ट, ठ, ड म्हणताना जीभ तोंडाच्या छताला लागते आणि त्यांना आपण मूर्धन्य म्हणतो. म्हणजे संस्कृतने तोंडाच्या छताला डोकं म्हटलं आणि मराठीने डोक्याच्या छताला टाळू! वर चढताना 'त'चा झाला 'ट', दातांशी उच्चारल्या जाणाऱ्या दंत्याचा मूर्धन्य. तैत्तिरीय उपनिषदाची शीक्षावल्ली, म्हणजे त्याचा पहिला भाग, उच्चारशास्त्रापासून सुरू होते. तिच्याच सहाव्या अनुवाकात, म्हणजे छोट्या प्रकरणात, तोंडातल्या दोन तालूंच्या मधे स्तनासारखं जे लोंबतं, म्हणजे पडजीभ, तिथपासून कवटीची दोन कपालं भेदून केसांच्या मुळाशी जाणारी वाट सांगितली आहे. टाळू याच वाटेने माथ्यावर पोचली, असं माझं ठाम मत. 'दोन्ही वरच्या बाजूला, म्हणून अर्थ सरकला' हे नेहमीचं उत्तर मला फार तोकडं वाटतं.

मला चीड येते ती 'टाळू भरली'च्या वापराची. आजी खोबरेल थापते तेव्हा ती टाळू भरते. हाडं जुळून येतात तेव्हाही टाळू भरते. क्रियापद एकच, म्हणून तेलामुळे हाड जुळतं असा समज झाला. त्यावर कडी म्हणजे प्रशिक्षणांतही ऐकू येणारं वाक्य: 'टाळू भरली, मेंदू तयार झाला.' साफ चूक! पुढची टाळू बहुतेक बाळांची 12 ते 18 महिन्यांच्या सुमारास भरते, कुणाची आधी, कुणाची नंतर. तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि मेंदूचं म्हणाल, तर बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलोकर यांनी 1979 मध्ये कपाळामागच्या भागातले चेतापेशींचे जोड मोजून दाखवले, तेव्हा 1 ते 2 वर्षांच्या वयात ते प्रौढांपेक्षा सुमारे 50 टक्के दाट निघाले. पुढे वापरातले टिकतात, बिनवापराचे गळतात, आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. टाळू भरते तेव्हा मेंदूचं काम नुकतं कुठे ऐन भरात आलेलं असतं.

पत्रकात लिहा: 'टाळू भरली तरी बाळाशी बोलत राहा, त्याच्या हुंकाराला हुंकार द्या आणि त्याच्या उत्तरासाठी थांबा.' टाळूचा 'ट' छापताना तेवढा 'त' होऊ देऊ नका.