लूमवाल्याच्या मुलानं टेक्स्टाईलला जावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा बारावी सायन्स झालाय, सोलापुरात अक्कलकोट रोडला घरचे टॉवेलचे लूम (यंत्रमाग) आहेत, तो टेक्निकल टेक्स्टाईल (दिसण्यापेक्षा कामासाठी बनवलेली कापडं, जसं मास्क, शेडनेट) करतो म्हणतोय आणि घरचे म्हणतायत, आमचं गेलं खडखडाटात, याला पुण्याला कॉम्प्युटरला टाका.

माझं मत: त्याला जाऊ द्या. पण टेक्निकल टेक्स्टाईल म्हणजे मोठा लूम आणि महाग सूत, अशी समजूत असेल तर ती आधी काढा. खरा फरक माल पास कसा होतो त्यात आहे. आपल्याकडे टॉवेल हातात घेतात, चुरगळतात, उजेडाला धरतात, वजन करतात, झालं. तिकडं प्रत्येक गुणाला आकडा लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या लॅबमध्येही तो जुळावा लागतो.

कापडाची ताकद मोजायचं उदाहरण घ्या. ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी, मशीनच्या दोन जबड्यांत २०० मिलिमीटर अंतर, आणि तुटेपर्यंत ओढायचं. ऐकायला पोरखेळ. पण पट्टी अगदी जबड्यापाशी तुटली तर तो आकडा संशयाचा. तिथं कापड तुटलं की जबड्यानं चावलं, हे ठरवावं लागतं. त्याआधी नमुना ठरलेल्या हवेत ठेवायचा. आपल्याकडे २७ अंश तापमान, ६५ टक्के आर्द्रता. का? तुमच्या मुलाला ते पुस्तकाआधीच माहीत असेल. मे महिन्यात दुपारी ताण्याचे (लूमवरचे उभे) धागे जास्त तुटतात, मग शेडमध्ये पाणी मारतात. कापूस ओलाव्यात जास्त ताकदीचा, कोरड्या हवेत कमजोर. म्हणजे तीच पट्टी सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर ओढली तर आकडा वेगळाच येणार. लूमवाल्याच्या घरचा मुलगा इथं पुढं असतो. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या कापडात, दोन आडवे धागे (पिक) अलीकडे थांबवून तिसऱ्याला फणी तिन्ही एकदम पुढं रेटते आणि ढिल्या बीमचे (उभ्या धाग्यांच्या रुळाचे) धागे फास होऊन वर येतात, हे बाकीची पोरं आकृतीवरून पाठ करतात.

मात्र सगळं विणकामात नाही. मास्कचा मधला थर घ्या किंवा डाळिंबावर टाकतात ते पांढरं क्रॉप कव्हर: यात लूमच नाही. प्लास्टिकचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून तंतू काढतात आणि थेट चादर बनते. म्हणून तंतूच्या बाजूला जायचं तर केमिस्ट्री पक्की हवी. केव्हलारचा तंतू १९६५ साली ज्यांनी शोधला त्या स्टेफनी क्वोलेक रसायनशास्त्रज्ञ होत्या, विणकर नव्हेत. मुलाला केमिस्ट्री नकोशी असेल तर त्यानं विणकाम, मशीन आणि कंपोझिटची (कापड आणि रेझिन मिळून केलेल्या कडक मालाची) बाजू धरावी, तिथं मेकॅनिकलचं डोकं चालतं.

कॉलेजं: इचलकरंजीचं डीकेटीई आपल्याला जवळ, नॉनवोव्हनचं (न विणता केलेल्या कापडाचं) काम तिथं चांगलं आहे. मुंबईत व्हीजेटीआय. तंतू आणि रंगप्रक्रियेसाठी आयसीटी. नांदेडच्या एसजीजीएसमध्येही टेक्स्टाईल आहे. पुढं गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत) या विषयाचा स्वतंत्र पेपर असतो आणि आयआयटी दिल्लीला पूर्ण विभाग आहे. मन रमलं तर तो रस्ता उघडा आहे. केंद्र सरकारच्या टेक्निकल टेक्स्टाईल मिशनला २०२० मध्ये १,४८० कोटी मंजूर झाले, हे तुम्हाला प्रत्येक ॲडमिशन एजंट ऐकवेल. तो पैसा संशोधनाला, निर्यातीला, बाजार वाढवायला आणि शिक्षण-प्रशिक्षणाला होता, त्यातून कुणाच्या पोराला नोकरीची हमी मिळत नाही.

आता पगाराचं. सुरुवातीची काही वर्षं कॉम्प्युटरवाला मित्र जास्त कमावेल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा, नंतर कुरबूर नको. नोकरी वाईला, सिल्वासाला, सुरतेकडे असू शकते, तीही शिफ्टमध्ये. प्रॉडक्शनमध्ये माणूस लवकर लागतो, पण अडकतोही लवकर. मी तरी टेस्टिंग किंवा क्वालिटीतून सुरुवात करा म्हणेन. तिथं कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या तक्रारीपर्यंत सगळं टेबलावर येतं आणि दोन-तीन वर्षांनी कुठल्या बाजूला जायचं ते आपोआप कळतं.

आणि परत यायचं म्हटलं तर सोलापूर रिकामं नाही. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आजूबाजूला डाळिंब, द्राक्षं, शेततळी. शेडनेट, पक्ष्यांची जाळी, क्रॉप कव्हर हे सगळं ॲग्रोटेक, म्हणजे शेतीसाठीचं टेक्निकल टेक्स्टाईल. उन्हानं जाळी किती दिवसांत पिचते, त्यात यूव्हीचा (उन्हापासून वाचवणारा) मसाला खरंच घातलाय का, हे शेतकऱ्याला आज दुकानदाराच्या तोंडी शब्दावर घ्यावं लागतं. हे तपासून सांगणारा माणूस इथं चालेल असं मला वाटतं. फक्त घरचे टेरी लूम त्या कामाला येणार नाहीत, जाळीचं मशीनच वेगळं.

कॅप राउंडचा (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सरकारी फेरीचा) फॉर्म भरण्याआधी मुलाला एकदा इचलकरंजीला घेऊन जा. इमारत बघू नका. लॅबमधली मशीन विद्यार्थी स्वतः चालवतात की नुसती लांबून दाखवतात, हे तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा. बारावीचे केमिस्ट्रीचे मार्क किती ते इथं लिहा, मग शाखेचं बोलू.